भोजच्या बस्तीपासून कुंथलगिरीपर्यंत : चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागर महाराज



सीमाभागातील कितीतरी जिनमंदिरांत सभामंडपाच्या भिंतीवर एक जुने छायाचित्र लावलेले असते. कृश देह, हाती मोरपिसांची पिच्छी, जवळ कमंडलू आणि स्थिर दृष्टी. आचार्य शांतिसागर महाराजांचे हे छायाचित्र आपण रोज पाहतो, त्यास हात जोडतो आणि पुढे जातो. गतवर्षी भाद्रपदात पाठशाळेतील एका मुलाने या महाराजांचे गाव कोणते आणि ते मोठे कशामुळे झाले, असा सरळ प्रश्न केला. उपस्थित मोठ्या मंडळींना दोन-चार वाक्यांपलीकडे सांगता आले नाही, आणि त्यांत मीही होतो. ती उणीव थोडीफार भरून निघावी म्हणून हा लेख सादर करीत आहे.

भोज गाव

बेळगाव जिल्ह्यात, पूर्वीच्या चिक्कोडी आणि आताच्या निपाणी तालुक्यात, वेदगंगा व दूधगंगा या नद्यांच्या संगमाजवळ भोज हे गाव आहे. काळी जमीन, नदीकाठची शेती, मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा बोलणारी माणसे, असे या परिसराचे रूप. येथील चतुर्थ जैन समाज मुख्यतः शेतकरी आहे. या भागात जिनमंदिरास बस्ती म्हणतात. गावची बस्ती ही केवळ पूजेची जागा नसे. पहाटेचे दर्शन, पर्वातील अभिषेक, शास्त्रवाचन, घरातील सुखदुःखाचे प्रसंग, या साऱ्यांचे केंद्र तीच असे.

या गावचे पाटील भीमगौडा आणि त्यांच्या पत्नी सत्यवती यांच्या पोटी आषाढ वद्य षष्ठी, शके १७९४, म्हणजे सन १८७२ मध्ये एका पुत्राचा जन्म झाला. जन्म आजोळी, यळगूड येथे झाला. नाव सातगौडा ठेवण्यात आले. वडील बंधू आदिगौडा व देवगौडा, धाकटे कुमगौडा आणि बहीण कृष्णाबाई असा हा परिवार होता. घरची सुबत्ता होती आणि पाटीलकीचा मान होता. पण या घराची खरी ओळख त्याच्या व्रतस्थ वृत्तीची होती. भीमगौडांनी अनेक वर्षे एकभुक्त राहून ब्रह्मचर्य पाळल्याचे चरित्रकार सांगतात. सत्यवती मातेचे उपवास, तिचे बस्तीतील नित्य दर्शन आणि घरी येणाऱ्या त्यागी मंडळींची सेवा सातगौडांनी लहानपणापासून पाहिली. पुढे ज्या वैराग्याचे जगाने कौतुक केले, त्याचे बीज या घरात आणि या गावच्या बस्तीत रुजलेले होते.

संसारात राहून विरक्त

त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी सातगौडांचा विवाह करण्यात आला. वधू त्यांच्याहूनही लहान होती. थोड्याच अवधीत ती मरण पावली. पुढे घरच्यांनी पुन्हा विवाहाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला आणि ब्रह्मचर्य स्वीकारले. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास दीक्षा घेण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली होती. परंतु आपल्या हयातीत मुलाने घर सोडू नये, अशी मातापित्यांची इच्छा होती. सातगौडांनी ती मानली आणि त्यानंतर दोन तपांहून अधिक काळ घरी राहिले. वैराग्य तीव्र असताना आईवडिलांच्या शब्दाखातर इतकी वर्षे थांबणे, ही त्यांची पहिली मोठी साधना म्हटली पाहिजे.

घरी असताना ते शेती व कापडाचे दुकान पाहत. दुकानात त्यांचे लक्ष शास्त्रग्रंथात असे. गिऱ्हाईक आले तर कापड त्यानेच मापून घ्यावे आणि पैसे ठेवून जावे, अशी पद्धत पडली होती, असे भोजकर सांगत आले आहेत. शेतात पाखरे येऊन कणसांवर बसली तर ती हाकलण्याऐवजी सातगौडा त्यांच्यासाठी पाणी ठेवीत, अशीही आठवण सांगितली जाते. पावसाळ्यात नदीला उतार नसताना गावी आलेल्या मुनिराजांना त्यांनी स्वतःच्या खांद्यावर बसवून पैलतीरी नेल्याची कथा तर या पंचक्रोशीत सर्वश्रुत आहे. देहाने ते अत्यंत बळकट होते. ते बळ पुढे उपवासांच्या कामी आले.

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी सम्मेदशिखरजीची यात्रा केली. तेथे त्यांनी तूप व तेल यांचा आजन्म त्याग केला आणि परतल्यावर दिवसातून एकदाच भोजन करण्याचा नियम घेतला. प्रथम पित्याचे आणि नंतर सन १९१२ च्या सुमारास मातेचे निधन झाल्यावर, घरात थांबण्याचे कारण उरले नाही.

दीक्षा आणि आहाराचा प्रश्न

सन १९१५ मध्ये उत्तूर येथे देवेंद्रकीर्ती महाराजांकडून सातगौडांनी क्षुल्लक दीक्षा घेतली आणि शांतिसागर हे नाव धारण केले. त्या वेळी त्यांचे वय त्रेचाळीस होते.

या प्रसंगाचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. दिगंबर मुनींची परंपरा शतकानुशतके क्षीण होत गेली होती. उत्तर हिंदुस्थानात निर्ग्रंथ मुनींचे दर्शन जवळजवळ नाहीसे झाले होते. दक्षिणेत काही मुनी होते, परंतु समाजाची सूत्रे मुख्यतः भट्टारकांच्या मठांकडे होती. मुनींच्या आचारातही काळाच्या ओघात शिथिलता आली होती. मुनी आहारासाठी गावात येताना वस्त्र पांघरून येत आणि आहाराच्या घरी ते उतरवीत. आहार कोणाच्या घरी व्हावयाचा, हे गावचे उपाध्ये आधी ठरवीत आणि त्या घरी विशेष तयारी केली जाई.

शास्त्राची आज्ञा याहून निराळी आहे. मुनींसाठी मुद्दाम शिजविलेले अन्न त्यांना चालत नाही. त्यांनी घर आधी ठरवावयाचे नसते. श्रावकाने रोजचा शुद्ध स्वयंपाक करून दाराशी हातात कलश घेऊन उभे राहावे, मुनींनी मनात धरलेला संकल्प जुळला तर ते थांबतील, आणि मग दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतील, असा तो विधी आहे. संकल्प जुळला नाही, किंवा आहारात केस वा जीवजंतू आढळला, तर त्या दिवशी उपवास.

क्षुल्लक असतानाच शांतिसागर महाराजांनी उपाध्यांनी ठरविलेल्या घरी जाण्याचे नाकारले. परिणाम असा झाला की त्यांना अनेकदा उपाशी राहावे लागले. श्रावकांना खरा विधीच माहीत नव्हता. पडगाहन कसे करावे, दाराशी कसे उभे राहावे, याचा विसर पडलेला होता. महाराजांनी त्यासाठी कोणास दोष दिला नाही, वादविवाद केला नाही. ते शांतपणे गावातून फिरत आणि विधी न जुळल्यास तसेच बस्तीत परत येऊन ध्यानास बसत. साधू उपाशी परतला, याची टोचणी गावाला लागली. मग कोणी शास्त्र उघडले, कोणी जाणत्यास विचारले, आणि हळूहळू घरोघरी विधी सुरू झाला.

ही गोष्ट वरवर लहान वाटते. तथापि तिचा परिणाम फार खोल झाला. पूर्वी आहारदानाचा लाभ एका ठरलेल्या घरास मिळे. आता गावातील प्रत्येक घराला आपला स्वयंपाक, आपले पाणी, आपले आचरण रोज शुद्ध ठेवणे भाग पडले, कारण महाराज कोणाच्या दाराशी थांबतील याचा नेम नव्हता. श्रीमंत आणि गरीब श्रावक एकाच ओळीत उभे राहू लागले. मुनिधर्माची सुधारणा झाली ती श्रावकधर्माची सुधारणा होऊनच.

पुढे गिरनार येथे नेमिनाथ भगवंतांच्या साक्षीने त्यांनी स्वतः ऐलक पद स्वीकारले. सन १९२० मध्ये, फाल्गुन शुद्ध चतुर्दशीस, बेळगाव जिल्ह्यातील यरनाळ येथे पंचकल्याणक महोत्सवात देवेंद्रकीर्ती महाराजांच्या हस्ते त्यांची मुनिदीक्षा झाली. आता वस्त्राचा संपूर्ण त्याग होता. गावात जाताना वस्त्र पांघरण्याची रूढी त्यांनी मोडली आणि निर्ग्रंथ रूपातच विहार सुरू केला.

दक्षिणेतून उत्तरेकडे

सन १९२४ मध्ये सांगलीजवळील समडोळी येथे चतुर्विध संघाने त्यांना आचार्यपद दिले. याच ठिकाणी त्यांनी वीरसागर यांना मुनिदीक्षा दिली. वीरसागर हे मराठवाड्यातील ईर गावचे. तेच पुढे त्यांचे उत्तराधिकारी झाले.

कुंभोज, नांदणी, बाहुबली येथील चातुर्मासांनंतर मुंबईच्या झवेरी घराण्याने संघपतीपद स्वीकारून सम्मेदशिखरजीच्या यात्रेची व्यवस्था केली. सन १९२७ मध्ये निघालेला संघ पायी चालत सन १९२८ मध्ये शिखरजीस पोहोचला. त्यानंतर कटनी, ललितपूर, मथुरा, दिल्ली, जयपूर, ब्यावर, उदयपूर अशा ठिकाणी चातुर्मास झाले. कित्येक पिढ्यांनंतर उत्तरेतील श्रावकांनी दिगंबर आचार्यांचा संघ पाहिला. अनेक वृद्धांनी ग्रंथांत वाचलेले मुनी प्रथमच डोळ्यांनी पाहिले.

हा विहार निर्वेध नव्हता. राजाखेडा येथे संघावर हल्ल्याचा प्रयत्न झाला. हल्लेखोर पकडले गेले, तेव्हा त्यांना सोडून द्यावे असाच महाराजांचा आग्रह होता. दिल्लीत नग्न साधूंच्या संचारावर निर्बंध असल्याचे कळताच महाराज शहरातील प्रमुख मार्गांवरून निर्भयपणे विहार करीत राहिले. सरकारी इमारतींसमोर त्यांची छायाचित्रे घेण्यात आली, जेणेकरून मुनिविहारास प्रतिबंध नसल्याचा पुरावा पुढील काळासाठी राहावा. स्वतःच्या देहाविषयी पूर्ण उदासीन असलेल्या साधूने छायाचित्रास संमती दिली, ती येणाऱ्या मुनींची वाट मोकळी राहावी म्हणून. आपल्या मंदिरांतील जुन्या छायाचित्रांकडे पाहताना हा संदर्भ आठवावा.

सन १९३७ च्या सुमारास नाशिकजवळील गजपंथा येथे समाजाने त्यांना चारित्रचक्रवर्ती या पदवीने गौरविले. महाराजांना पदवीचे अप्रूप नव्हते. त्यांच्या मुनिजीवनातील उपवासांची गणना समाजात ९,९३८ अशी सांगितली जाते. पस्तीस वर्षांच्या काळात सत्तावीस वर्षांहून अधिक दिवस निराहार, असा त्याचा अर्थ होतो.

गावोगावचे श्रावक

दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना सन १८९९ मध्ये निपाणीजवळील स्तवनिधी येथे झाली होती. वसतिगृहे, शिक्षण आणि समाजसुधारणा हे तिचे कार्य. ज्या परिसरात सुशिक्षित मंडळी शाळा व वसतिगृहांच्या मार्गाने समाज जागवीत होती, त्याच परिसरात पाटलाचा हा मुलगा आचरणाच्या मार्गाने तेच करीत होता. श्रावकांनी वीतराग देवाचीच उपासना करावी, रात्रीचे भोजन सोडावे, पाणी गाळून प्यावे, व्यसने टाकावीत, असा त्यांचा साधा उपदेश असे. बालविवाहाचे दुष्परिणाम तर त्यांनी स्वतःच्या आयुष्यात अनुभवले होते. त्या प्रथेविरुद्धही ते श्रावकांना सावध करीत, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. त्यांचे ज्येष्ठ बंधू देवगौडा यांनीही पुढे मुनिदीक्षा घेतली आणि ते वर्धमानसागर झाले.

ताम्रपत्रांवरील आगम

धवला, जयधवला व महाबंध हे दिगंबर परंपरेतील मूळ सिद्धांतग्रंथ मूडबिद्री येथे ताडपत्रांवर जतन केलेले होते. महाबंधाच्या काही भागाची ताडपत्रे किडीने नष्ट झाल्याचे महाराजांना कळले, तेव्हा ते अत्यंत व्यथित झाले. मूर्ती भंगली तर नवी घडविता येते, परंतु लुप्त झालेले शास्त्र पुन्हा मिळत नाही, हा विचार त्यांनी समाजापुढे ठेवला. त्यांच्या प्रेरणेने जिनवाणी जीर्णोद्धारक संस्था स्थापन झाली आणि हे ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून घेण्यात आले. फलटण येथे ही ताम्रपत्रे जतन करण्यात आली. मंदिराच्या शिखरासाठी देणगी सहज मिळते, ग्रंथांसाठी मिळत नाही, हा अनुभव प्रत्येक विश्वस्तास असतो. महाराजांच्या शब्दाखातर समाजाने ग्रंथांसाठी धन दिले, ही विशेष नोंद घेण्याजोगी बाब आहे.

मंदिरप्रवेशाचा प्रश्न

महाराजांच्या चरित्रातील एक प्रसंग असा आहे की ज्याविषयी आपण बहुधा मोघम बोलतो. तो स्पष्टपणे सांगणे उचित वाटते.

सन १९४७ मध्ये मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेश कायदा झाला. तो जैन मंदिरांनाही लागू करण्यात आला. जैन धर्म स्वतंत्र आहे आणि त्याच्या मंदिरांचे नियम हिंदू मंदिरांच्या कायद्याने ठरू नयेत, अशी महाराजांची भूमिका होती. सन १९४८ मध्ये त्यांनी अन्नाचा, म्हणजे धान्याचा त्याग केला. वय शहात्तर होते. हा त्याग तीन वर्षे चालला. अकलूज येथील जैन मंदिराच्या प्रकरणावरून हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. २४ जुलै १९५१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, ज्या जैन मंदिरांत इतर हिंदूंना प्रवेशाचा हक्क नाही, तेथे या कायद्याने नवा हक्क निर्माण होत नाही. त्यानंतर ऑगस्ट महिन्यात महाराजांनी पुन्हा अन्न ग्रहण केले.

समाजात या घटनेचे वर्णन धर्मरक्षणाचा विजय म्हणून केले जाते. जैन धर्माच्या स्वतंत्र अस्तित्वाचा मुद्दा महाराजांनी प्राणपणाने मांडला, यात शंका नाही. सन २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, तेव्हा अनेकांना त्या लढ्याचे स्मरण झाले. परंतु ज्यांच्यासाठी तो कायदा केला गेला, त्यांच्या वेदनेकडे त्या वेळी समाजाने पुरेसे पाहिले नाही, हेही मान्य केले पाहिजे. मंदिराच्या पायरीवर अडविल्या गेलेल्या माणसाला न्यायालयातील कलमांचा भेद कळत नाही, त्याला फक्त बंद दार दिसते. भारतीय संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि सन १९५६ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने जैन मंदिरांचाही सार्वजनिक पूजास्थानांत स्पष्ट समावेश केला. भगवंतांच्या समवसरणात पशुपक्ष्यांनाही स्थान होते, असे आपण मुलांना शिकवितो. मग स्नान करून शुद्ध भावाने येणाऱ्या कोणत्याही मनुष्यास जन्मावरून अडविणे आपल्याला शोभणारे नाही. महाराजांच्या तपाविषयी पूर्ण आदर ठेवून, हा प्रश्न आज निराळ्या दृष्टीने पाहता येतो आणि पाहावा, असे आमचे नम्र मत आहे.

कुंथलगिरी

सन १९५५ मध्ये महाराजांचा चातुर्मास कुंथलगिरी सिद्धक्षेत्री होता. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हे स्थान कुलभूषण व देशभूषण मुनींची निर्वाणभूमी होय. वय त्र्याऐंशी झाले होते आणि दृष्टी फार मंदावली होती. चालताना पायाखालचा जीव दिसला नाही तर अहिंसा महाव्रत पाळता येत नाही. अन्न शोधून घेता येत नाही. अशा स्थितीत देह टिकविण्यासाठी व्रत सोडावयाचे की व्रतासाठी देह सोडावयाचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. आयुष्यभर ज्या नियमांसाठी ते उपाशी परतले, त्यांच्याशी शेवटी तडजोड करणे त्यांना शक्य नव्हते.

१४ ऑगस्ट १९५५ पासून त्यांनी सल्लेखना आरंभिली. आहार पूर्ण बंद झाला. आरंभीच्या दिवसांत ते कधीकधी केवळ जल घेत, पुढे तेही थांबविले. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी दूर जयपूर येथे असलेल्या वीरसागर मुनींना आचार्यपद देण्याचा निर्णय जाहीर केला. पद, संघ आणि शिष्य यांच्याशी असलेला अखेरचा संबंध असा संपला.

८ सप्टेंबर रोजी, सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, त्यांनी अखेरचा उपदेश दिला. तो मराठीत होता आणि त्याचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. पंचवीस दिवस निराहार असलेल्या वृद्ध साधूचा तो आवाज आजही ऐकावयास मिळतो. त्यात त्यांनी आत्मचिंतनाचे महत्त्व सांगितले आणि संयमाला भिऊ नये, असे श्रावकांना विनविले. भोजच्या आसपासच्या कोणत्याही खेड्यातील आजोबा बोलतील तशीच ती भाषा आहे.

हजारो भाविक कुंथलगिरीस लोटले होते. रविवार, १८ सप्टेंबर १९५५ रोजी, द्वितीय भाद्रपद शुद्ध द्वितीयेस, छत्तिसाव्या दिवशी प्रातःकाळी महाराजांनी शांतपणे देहत्याग केला.

आपले कर्तव्य

आज देशभर शेकडो दिगंबर मुनी व आर्यिका विहार करीत आहेत. त्या परंपरेचा मोठा भाग शांतिसागर महाराजांपर्यंत जाऊन पोहोचतो. सन २०२४ मध्ये त्यांच्या आचार्यपदास शंभर वर्षे पूर्ण झाली. भव्य कार्यक्रम झाले, स्मारके उभी राहिली, हे योग्यच आहे. परंतु भोजसारखीच आपल्या आसपासची गावे आता रिकामी होत चालली आहेत. तरुण मंडळी पुण्या-मुंबईस आहेत, बस्तीत सकाळच्या अभिषेकास दोन-तीन वृद्ध माणसे असतात. मुनिसंघ गावात आला तर आहारास उभे राहण्यासाठी बाहेरगावाहून माणसे बोलवावी लागतात आणि घर आधीच ठरवून ठेवले जाते. ज्या पद्धतीला नकार देऊन एक क्षुल्लक उपाशी परतला होता, तीच नकळत परत येत आहे.

विश्वस्त मंडळास मंदिराची भिंत, कळस आणि फरशी यांची काळजी घेता येईल. घरातील स्वयंपाक शुद्ध ठेवणे आणि दार उघडे ठेवणे हे मात्र प्रत्येक कुटुंबाचे काम आहे. येत्या भाद्रपद शुद्ध द्वितीयेस, महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त, सकाळी अभिषेक झाल्यावर मंदिरात त्यांच्या चरित्राचे वाचन होईल. मुलांना अवश्य सोबत आणावे. त्यांनी पुन्हा प्रश्न विचारला, तर या वेळी आपल्याला उत्तर देता यावे.

आपला विनीत,
सचिव, विश्वस्त मंडळ